संमतीचा घटस्फोट: तारखेची घाई करण्याआधी अटी नीट लिहा

"अर्जदार क्र. २ हिला तिचे सर्व दागिने व चीजवस्तू मिळालेल्या असून त्याबाबत तिची कोणतीही तक्रार नाही."

परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोघांनी मिळून ज्या अटी लिहून द्यायच्या असतात, ज्यांना कोर्टात सगळेच कन्सेंट टर्म्स म्हणतात, त्यांत हे वाक्य हमखास असतं. एका जोडप्याच्या कागदात ते असंच होतं. सह्या झाल्या, डिक्री म्हणजे घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम झाला. तीन महिन्यांनी मुलीच्या आईला आठवलं की आजीची ठुशी आणि बोरमाळ सासरच्या लॉकरमध्येच राहिली आहे. मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात तिच्याच सहीचा कागद होता आणि त्यावर "सर्व मिळाले" असं लिहिलेलं होतं. ठुशी शेवटी मिळाली, पण ती मुलाच्या मामेबहिणीने मध्ये पडून शब्द टाकला म्हणून. कागदाचा काहीच उपयोग झाला नाही.

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते आणि मध्यस्थीही करते. माझ्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न "किती महिन्यांत होईल?" हाच असतो. तो साहजिक आहे, माणूस थकलेला असतो. पण डिक्रीनंतर जी माणसं पुन्हा कोर्टाची पायरी चढतात, ती अटींमधल्या एखाद्या मोघम वाक्यामुळे चढतात. म्हणून या लेखात कोर्टाची प्रक्रिया सांगणारच आहे, पण सगळ्यात जास्त जागा अटींना देणार आहे.

आधी कोणता कायदा ते पाहा

दोघेही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असाल तर हिंदू विवाह कायदा, १९५५ मधलं कलम १३-ब लागू होतं. संमतीच्या घटस्फोटाची ही सोय १९७६ च्या दुरुस्तीने आली. रजिस्टर लग्न विशेष विवाह कायदा, १९५४ खाली झालं असेल तर कलम २८. ख्रिस्ती, पारशी जोडप्यांसाठी त्यांच्या कायद्यांत वेगळी कलमं आहेत आणि मुस्लिम जोडप्यांना मुबारतची, म्हणजे दोघांच्या संमतीने लग्न मोडण्याची, वाट आहे. गोव्यात नागरी नोंदणीने लग्न झालेल्यांनी मात्र तिथल्याच वकिलाला गाठावं. तिथली व्यवस्था पोर्तुगीज काळापासून चालत आलेली आहे. लग्नाआधी करार करून वेगळं काही ठरवलं नसेल, तर मालमत्तेत दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा धरला जातो. महाराष्ट्रात लग्नाआधीच्या अशा कराराला तसा कायदेशीर आधार नाही.

नोटरीकडच्या सोडचिठ्ठीबद्दल इथेच सांगते. स्टॅम्प पेपरवर "आजपासून आमचा संबंध संपला" असं लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन लोक मोकळे होतात. काही समाजांत काडीमोडीची रूढी आहे आणि हिंदू विवाह कायद्याचं कलम २९ अशी रूढी मान्यही करतं. पण ती रूढी आहे हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं. तसं नसेल तर तो कागद घटस्फोट ठरत नाही आणि त्याच्या भरवशावर केलेलं दुसरं लग्न बेकायदा ठरतं. लग्न मोडायचं असेल तर कोर्टाची डिक्री घ्याच.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठीही एक गोष्ट. तिथल्या कोर्टाने एकाच्या अर्जावर, भारतीय कायद्यात नसलेल्या कारणावरून दिलेला घटस्फोट इथे मान्य होईलच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. दोघांची संमती असेल तर इथे अर्ज करणं जास्त सुरक्षित. परदेशातली व्यक्ती मुखत्यारपत्र देऊ शकते आणि कोर्टाने परवानगी दिली तर व्हिडिओ कॉन्फरन्सनेही हजर राहू शकते.

एक वर्ष वेगळं राहणं म्हणजे काय

अर्ज करताना किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. याचा अर्थ दोन घरं असाच नाही. पती-पत्नी म्हणून एकत्र नांदत नसणं, असा अर्थ न्यायालयांनी लावला आहे. पुण्या-मुंबईत घरभाडं परवडत नाही म्हणून एकाच फ्लॅटमध्ये वेगवेगळ्या खोल्यांत राहणारी जोडपी मी पाहिली आहेत. तुमचं तसं असेल तर अर्जात खरं तेच लिहा आणि वेगळे राहू लागल्याची तारीख दोघांनी मिळून ठरवा. समुपदेशकांसमोर तुम्ही एक महिना सांगितला आणि दुसऱ्याने भलताच, की विनाकारण प्रश्न उभे राहतात.

बोलणी कुठे करायची

बोलणी घरच्यांच्या बैठकीत होऊ शकतात, खाजगी मध्यस्थाकडे किंवा कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रातही होऊ शकतात. घरच्या बैठकीत दहा माणसं असली की जुन्या मानापानाचा हिशेब सुरू होतो, म्हणून मी मध्यस्थी सुचवते. मध्यस्थासमोर जे बोललं जातं ते गोपनीय असतं. मध्यस्थी कायदा, २०२३ तसं सांगतो, आणि ते पुढे कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळे "मी दोन लाखांनी कमी घ्यायला तयार आहे" हे तुम्ही तिथे निर्धास्तपणे बोलू शकता.

पैशांबद्दल बोलण्याआधी दोघांनी आपापला पगार, बँक खाती, पीएफ, पॉलिसी, कर्जं आणि घरं यांचं विवरण कागदावर लिहून एकमेकांना द्यावं. पोटगीच्या दाव्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये अशा शपथपत्राचा सविस्तर नमुना ठरवून दिला. तो खटला नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेला होता. संमतीच्या घटस्फोटातही मी तोच नमुना भरायला लावते. कमाईचा आकडा लपवून झालेली तडजोड फार काळ टिकत नाही.

दोघांचा एकच वकील असतो, असं संमतीच्या घटस्फोटात बऱ्याचदा घडतं. त्यात गैर काही नाही. पण सही करण्याआधी अटींचा मसुदा घरी न्या आणि दुसऱ्या एखाद्या वकिलाकडून वाचून घ्या. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्याचं कलम १२ तेच सांगतं. फीची अडचण म्हणून कुणी न वाचता सही करू नये.

अटी लिहिताना: दागिने

स्त्रीधनावर पूर्ण हक्क स्त्रीचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. ते प्रत्यक्ष हातात येण्यासाठी मात्र यादी लागते. मी सांगते ती पद्धत अशी. एका दिवशी दोघं मिळून, सोबत प्रत्येकाचं एकेक माणूस घेऊन, बँकेच्या लॉकरवर जायचं. दागिने ओळखीच्या सराफाकडे नेऊन काट्यावर तोलायचे. मग यादी करायची: मंगळसूत्र, दोन वाट्यांचं, १८ ग्रॅम. पाटल्या, जोडी, ४० ग्रॅम. तोडे, जोडी. ठुशी. मोहनमाळ. कानातले झुबे. चांदीची ताट-वाटी, तांब्या, निरांजन. माहेरचं काय, सासरचं काय आणि लग्नात दोघांना मिळून आलेलं काय, हे तीन रकाने करा. मोबाइलवर प्रत्येक दागिन्याचा फोटो घ्या. यादीवर दोघांच्या सह्या घ्या आणि ती अटींना परिशिष्ट म्हणून जोडा.

मग अटीतलं वाक्य असं होतं: "परिशिष्ट अ मधील अनु. क्र. १ ते १४ हे दागिने दि. अमुक रोजी अर्जदार क्र. २ हिच्या ताब्यात देण्यात आले. अनु. क्र. १५ ते १७ हे कोर्टातल्या शेवटच्या तारखेच्या आधी देण्यात येतील." एवढं लिहिलं असतं तर त्या मुलीला ठुशीसाठी मामेबहिणीकडे शब्द टाकावा लागला नसता.

अटी लिहिताना: पैसे

एकरकमी पोटगी ठरली असेल तर ती टप्प्यांत द्यावी आणि प्रत्येक टप्पा कोर्टातल्या किंवा कागदावरच्या एखाद्या घटनेला बांधावा. उदाहरणार्थ, रक्कम २० लाख असेल तर ५ लाख अर्ज दाखल होताना, १० लाख शेवटच्या तारखेला न्यायाधीशांसमोर, आणि उरलेले ५ लाख इतर केसेस मागे घेतल्यावर. डिमांड ड्राफ्टचा नंबर अटीत लिहा. "योग्य वेळी" किंवा "लवकरात लवकर" असे शब्द दिसले तर खोडून टाका.

टप्पे कशासाठी? डिक्री होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, तो हक्क कायद्याने दिलेला आहे. सगळे पैसे आधीच दिले आणि समोरच्याने माघार घेतली, किंवा केसेस मागे घेतल्या आणि पैसे आले नाहीत, या दोन्हींची भीती टप्प्यांमुळे कमी होते.

दरमहा पोटगी ठरली तर ती घेणाऱ्याचं करपात्र उत्पन्न मानली जाते. एकरकमी रकमेकडे साधारणपणे भांडवली रक्कम म्हणून पाहिलं जातं. रक्कम मोठी असेल तर सीएशी एकदा बोला.

आणि मुलाची पोटगी आई सोडून देऊ शकत नाही. "मुलासाठी पुढे कोणतीही मागणी करणार नाही" असं आईने लिहून दिलं तरी मुलाचा हक्क संपत नाही, कारण तो हक्क त्याचा आहे. म्हणून मुलासाठी वेगळी अट लिहा: शाळेची फी, क्लास, दवाखाना, वर्षाला किती वाढ, कॉलेजचा खर्च कोण करणार.

अटी लिहिताना: घर आणि कर्ज

दोघांच्या नावावरचा फ्लॅट आणि त्यावरचं गृहकर्ज, यात सगळ्यात जास्त गफलत होते. "यापुढील हप्ते अर्जदार क्र. १ भरेल" असं तुम्ही अटीत लिहिलं तरी बँक त्या कागदाला बांधील नाही. तिच्यासाठी तुम्ही दोघेही कर्जदार असता. त्याने हप्ते थकवले तर तुमचा सिबिल स्कोअर पडतो, आणि उद्या तुम्हाला स्वतःसाठी कर्ज घ्यायचं असतं तेव्हा ते कळतं. म्हणून अर्ज दाखल करण्याआधी बँकेत जा. एकट्याच्या पगारावर कर्ज त्याच्या नावावर फिरवता येईल का, दुसरा सहकर्जदार चालेल का, हे लेखी विचारा. बँक तयार नसेल तर फ्लॅट विकून कर्ज फेडण्याचा विचार करा, आणि तो किती महिन्यांत, कमीत कमी कोणत्या किमतीला विकायचा, हेही लिहा.

एकाचा हिस्सा दुसऱ्याला द्यायचा असेल तर नोंदणीकृत दस्त करा. इथे वेळेला महत्त्व आहे. राहत्या घराचं पती-पत्नीमधलं बक्षीसपत्र असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. डिक्री झाली की ते नातं उरत नाही आणि सवलतीचा आधार जातो. म्हणून हा दस्त अर्ज दाखल झाल्यानंतर आणि शेवटच्या तारखेच्या अगदी आधी, मोठ्या रकमेच्या टप्प्याशी जोडून करायचा. किती आधी, हे ज्याला घर सोडायचं आहे त्याने आपल्या वकिलाशी ठरवावं, कारण संमती मागे घेतली जाण्याचा धोका त्याच्या वाट्याला येतो. दस्तात आणि अटींत फ्लॅट नंबर, सोसायटीचं नाव, सिटी सर्वे नंबर आणि क्षेत्रफळ अक्षरशः सारखं असू द्या. दस्तानंतर सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवरचं नाव आणि लाइट बिल बदलून घ्या.

अटी लिहिताना: मुलं

"वडिलांना मुलाला भेटण्याची मुभा राहील" हे वाक्य मी कधीच ठेवू देत नाही. त्यातून दर शनिवारी सोसायटीच्या गेटवर भांडण होतं आणि मूल ते बघत उभं राहतं.

असं लिहा: दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी १० ला वडील मुलीला आईच्या घरून नेतील आणि रविवारी संध्याकाळी ६ ला तिथेच आणून सोडतील. दिवाळीच्या सुट्टीचा पहिला भाग सम वर्षी आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे. उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी. गणपतीत मुलगी वडिलांच्या गावच्या घरी दीड दिवस. वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग आणि पालकसभेला दोघंही येऊ शकतील. बुधवारी संध्याकाळी अर्धा तास व्हिडिओ कॉल. मूल आजारी असेल तर हुकलेली भेट पुढच्या शनिवारी. पासपोर्ट आणि परदेश प्रवासासाठी दोघांची लेखी संमती. आईने किंवा वडिलांनी शहर बदलायचं ठरवलं तर किती दिवस आधी कळवायचं.

आजी-आजोबांचा विसर पडू देऊ नका. मूल आजीजवळ झोपायचं, तिच्याकडून गोष्टी ऐकायचं, आणि एका कागदामुळे ते तुटतं. महिन्यातून एक दुपार आजीसाठी लिहिता येते. मुलांच्या बाबतीतल्या अटी पुढे परिस्थिती बदलली तर कोर्ट बदलू शकतं, त्यामुळे पाच वर्षांच्या मुलीसाठी आज लिहिलेलं सगळं तिच्या पंधराव्या वर्षी तसंच राहील, असं समजू नका.

अटी लिहिताना: बाकीच्या केसेस

घरगुती हिंसाचाराची केस किंवा पोटगीचा अर्ज जिथे चालू आहे त्या न्यायालयात मागे घेतला जातो. पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेतलं कलम ८५, या गुन्ह्याचं तसं नाही. तो दोघांच्या तडजोडीने खालच्या कोर्टात मिटत नाही, उच्च न्यायालयात रद्द करून घ्यावा लागतो. त्यासाठी तक्रारदार पत्नीचं संमतीचं शपथपत्र लागतं. सासू-सासऱ्यांची नावंही त्यात असतील तर सगळ्यांची नावं अटीत लिहा, शपथपत्र कधी द्यायचं ते लिहा, आणि शेवटचा हप्ता त्याला जोडा.

कोर्टात काय होतं

जिथे लग्न झालं, जिथे दोघं शेवटचे एकत्र राहिलात किंवा जिथे पत्नी सध्या राहते, तिथल्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज करता येतो. ज्या जिल्ह्यात कौटुंबिक न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे. सोबत लग्नाचा दाखला (नसेल तर पत्रिका आणि लग्नाचे फोटो), दोघांचं आधार आणि पॅन कार्ड, फोटो, मुलांचे जन्मदाखले, चालू केसेसची कागदपत्रं आणि सही केलेल्या अटी लागतात.

अर्ज दाखल झाल्यावर विवाह समुपदेशक दोघांना वेगवेगळं आणि एकत्र भेटतात. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ प्रमाणे समेटाचा प्रयत्न करणं न्यायालयाचं कर्तव्यच आहे. हे उपचारापुरतं असतं असं समजू नका. संमती खरी आहे का, कुणाचा दबाव आहे का, अटी समजल्या आहेत का, हे तिथे विचारलं जातं. समजली नसलेली अट असेल तर हीच जागा आहे, तिथे बोला.

मग सहा महिने थांबावं लागतं, आणि अर्जापासून अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन संमती कायम आहे असं सांगायचं. सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमरदीप सिंग खटल्यात ठरवलं की ही सहा महिन्यांची मुदत कोर्ट माफ करू शकतं. पण त्यासाठी अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहिलेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा व इतर वाद खरोखर मिटलेले असावेत. मुदत माफ करण्याचा हा अर्ज घटस्फोटाच्या पहिल्या अर्जानंतर एका आठवड्याने करता येतो. म्हणजे घाई असेल त्यानेच अटी आधी पूर्ण कराव्यात.

शेवटच्या तारखेला दोघं शपथपत्र देतात, न्यायाधीश विचारतात, ड्राफ्ट हातात दिला जातो आणि डिक्री होते. संमतीच्या डिक्रीवर अपील नाही. प्रमाणित नकला चार तरी काढून घ्या. पासपोर्ट, बँक, शाळा, दुसरं लग्न, सगळीकडे लागतात.

डिक्रीनंतरचा आठवडा

घटस्फोट झाला हे विमा कंपनीला, बँकेला किंवा पीएफ कार्यालयाला आपोआप कळत नाही. त्यांच्या कागदावर जुनंच नाव राहतं. पीएफ, पॉलिसी, म्युच्युअल फंड, डिमॅट, लॉकर, सोसायटी, सगळीकडचं नॉमिनेशन बदला. एक अपवाद लक्षात ठेवा: विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, १८७४ खाली पत्नी-मुलांसाठी घेतलेली पॉलिसी म्हणजे ट्रस्ट असतो. ते नाव तुम्हाला एकट्याने बदलता येत नाही, म्हणून तिचं काय करायचं हे अटींतच लिहायला हवं होतं. अजून सह्या झाल्या नसतील तर आत्ताच घाला.

नॉमिनी बदलला म्हणजे वारसाहक्क ठरला असं होत नाही. 'कालनिर्णय'चे जयंत साळगांवकर यांच्या मालमत्तेबाबतच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं की शेअर्सचा नॉमिनी मालक होत नाही, वारस कोण ते वारसाच्या कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतं. म्हणून मृत्युपत्र नव्याने करा. घटस्फोटाने जुनं मृत्युपत्र रद्द होईल अशी तरतूद भारतीय वारसा कायद्यात नाही. लग्नानंतरच्या उमेदीत "सर्व काही पत्नीला" असं लिहून ठेवलेला कागद तसाच उभा राहतो. नव्या मृत्युपत्रात पहिल्याच ओळीत जुनं रद्द केल्याचं लिहा, दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि त्यांनाही तुमच्यासमोर सही करू द्या. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण तिची फी फक्त १०० रुपये आहे, तेव्हा करूनच टाका.

मूल नसलेल्या स्त्रियांनी तर हे नक्की करावं. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ मध्ये मुलं आणि पती यांच्यानंतर पतीचे वारस येतात आणि आई-वडिलांचा क्रम त्यांच्याही नंतर लागतो. घटस्फोटानंतर यावर वाद होऊ नये असं वाटत असेल तर दोन पानांचं मृत्युपत्र पुरेसं आहे.

आणि ज्यांच्याकडे लहान मूल आहे त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की तुमच्या पश्चात मुलाचा ताबा बहुधा दुसऱ्या पालकाकडे जातो आणि मुलाच्या नावावरचा पैसाही त्याच्याच हाती येऊ शकतो. ते नको असेल तर मृत्युपत्रातच ट्रस्ट लिहा: भावाला किंवा बहिणीला विश्वस्त नेमा, फी आणि आजारपणासाठी खर्च करायची मुभा द्या, आणि उरलेली रक्कम मुलाला कितव्या वर्षी मिळेल ते आकड्यात लिहा.